दोन नावाजलेल्या कलाकारांनी मिळून एक गाणं करायचं तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भावगीत आणि नाट्यगीतांच्या कार्यक्रमांमुळे विदर्भात नाव असलेल्या नागपूरच्या एक गायिका, आणि इथल्याच एका रॉक बँडचे गायक-गिटारवादक, या दोघांना मिळून एक मराठी पॉप-रॉक सिंगल, म्हणजे एकच सुटं गाणं, काढायचं आहे. दोघांचा श्रोतृवर्ग वेगळा. त्यांनी विचारलं आहे: मुखडा कोणी गायचा, अंतरे कसे वाटून घ्यायचे, पट्टी कोणाची धरायची, आणि हक्क व पैशांचं काय? मी नागपुरात बरीच वर्षं अरेंजर आणि रेकॉर्डिस्ट म्हणून काम करतो. अशी जोडगाणी बनताना पाहिली आहेत, काही अर्ध्यावर सोडलेलीही पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, भाऊ, तुम्ही वाटणीपासून सुरुवात केली आहे. मी म्हणेन, वाटणी सध्या बाजूला ठेवा. या गाण्याला दुसरा आवाज कशासाठी लागतो, हे आधी ठरवा. सिनेमातल्या द्वंद्वगीताला हे कारण आयतं मिळतं, कारण पडद्यावर दोन माणसं उभी असतात. सिंगलला पडदा नसतो. तिथे दुसऱ्या आवाजाची गरज शब्दांत आणि चालीतच असावी लागते. नसेल तर ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की दोन प्रसिद्ध माणसं आळीपाळीने गात आहेत. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत कौतुक टिकतं, मग बोट पुढच्या गाण्याकडे जातं.

परीक्षा सोपी आहे. कच्चं रेकॉर्डिंग झालं की एकाचा आवाज म्यूट करून गाणं ऐका. तरीही गाणं पुरं वाटत असेल, तर ते एकाचंच गाणं आहे आणि दुसऱ्याने त्यात फक्त ओळी उचलल्या आहेत.

तुमच्यासाठी मला एक विषय सुचतो. नागपूरच्या महाल भागातला वडिलोपार्जित वाडा. पुण्याला नोकरी करणारा धाकटा भाऊ म्हणतो, विकून टाकू. वाड्यात राहिलेली मोठी बहीण म्हणते, नाही. दोघंही बरोबर आहेत. छप्पर गळतं, कर थकला आहे, हेही खरं. आईने तुळस लावली तो चौक पुन्हा मिळायचा नाही, हेही खरं. इथे एक आवाज काढला की भांडणच उरत नाही, म्हणजे गाणंच उरत नाही. ताईंचा अंतरा तिचा, भाऊंचा अंतरा त्याचा, आणि मुखड्यात दोघं एकाच चालीवर पण वेगवेगळे शब्द घेऊन येतात. मुखडा कोणी गायचा, या प्रश्नाचं उत्तर इथे आपसूक मिळतं. तुम्ही दुसरा विषय घ्या, हरकत नाही, पण तो असाच दोन बाजूंनी ओढला जाणारा घ्या.

आता एक नमुना जवळून पाहू, कारण या प्रकारात त्याच्याइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड आणि गायक डेव्हिड बोवी यांचं 'अंडर प्रेशर'. जुलै 1981 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे क्वीनच्या स्वतःच्या माउंटन स्टुडिओत ते झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस बाजारात आलं. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. यातले क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचे फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेले. बोवी आले होते ते क्वीनच्या दुसऱ्याच एका गाण्यात मागचा आवाज द्यायला. तो आवाज पुढे त्यांच्याच सांगण्यावरून काढला गेला. पण मंडळी एका खोलीत जमलीच होती. वाजवता वाजवता हे गाणं निघालं.

त्याचा पाया बघा. क्वीनचे बास गिटारवादक जॉन डीकन यांची बासची ओळ म्हणजे सा आणि खालचा पंचम, एवढेच दोन स्वर. सा पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, इंग्रजीत डी. तीच छोटी ओळ पुन्हा पुन्हा येते आणि वरची सगळी इमारत तोलून धरते. दोन मोठे गायक असतील तर पाया इतकाच साधा हवा. बासही नक्षीदार, गिटारही नक्षीदार आणि वर दोन आवाज आपापल्या जागा घेणारे, असं झालं की कान कुठेच ठरत नाही. ताई, तुमच्या गाण्यात मुरकी आहे, खटका आहे, मींड आहे. तेव्हा खाली साधेपणा जास्तच लागेल.

दुसरी गोष्ट बँडच्या लोकांनी नंतर मुलाखतींत सांगितली आहे. बोवींच्या सूचनेवरून प्रत्येकाने एकेकट्याने माइकसमोर जायचं, आधीच्याने काय गायलं ते न ऐकता, मागचं संगीत वाजेल तसं सुचेल ते गायचं, आणि मग त्यातून जागा निवडायच्या, असं ठरलं. म्हणून त्या गाण्यात फ्रेडींचे निरर्थक बोल तसेच राहिले आहेत आणि म्हणूनच दोन्ही स्वभाव शाबूत राहिले आहेत. फ्रेडींचा उंच उडणारा, भावना उघडी टाकणारा. बोवींचा खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा. नेहमीसारखा ठरलेला मुखडाही त्यात नाही. गाणं चढतं, मधे चुटक्यांवर येऊन शांत होतं आणि पुन्हा चढतं.

हा प्रयोग तुम्ही नक्की करा. भाऊंनी चार कॉर्डचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, रेकॉर्ड करावा. ताईंनी त्यावर शब्दांशिवाय, नुसत्या 'आ'कारात आणि तराण्यासारख्या बोलांत जे सुचेल ते गावं. मग भाऊंनी ते न ऐकता गावं. दोन्ही ट्रॅक एकत्र लावून ऐकलेत की कुठे एकमेकांना छेद जातो आणि कुठे आपोआप जवाब बसतो, ते कळतं. माझ्या अनुभवात जोडगाण्यातल्या सगळ्यात चांगल्या जागा अशाच सापडतात. पेटीवर बसून, ठरवून, त्या फारशा येत नाहीत.

भाऊ, तुम्ही गायलाच पाहिजे, असं मात्र नाही. 1999 चं 'स्मूद' आठवा: कार्लोस सांताना यांची गिटार आणि रॉब थॉमस यांचा आवाज. सांताना त्यात एक ओळही गात नाहीत, तरी गाणं दोघांचंच आहे. गायकाची ओळ संपते तिथे गिटार तिचा शेवट उचलून उत्तर देते. अमेरिकेत ते 12 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि 2000 च्या ग्रॅमीमध्ये त्याला वर्षातलं सर्वोत्तम रेकॉर्ड आणि सर्वोत्तम गीत हे दोन्ही मान मिळाले. आपल्याकडे गायकामागे हार्मोनियम किंवा सारंगीने जागा भरायची रीत आहेच, त्यामुळे ताईंना हे मुळीच परकं वाटणार नाही. फरक इतकाच की इथे गिटारने मागे मागे न राहता स्वतःचं म्हणणं मांडायचं. तुमचा आवाज ताईंच्या आवाजापुढे बारीक पडेल अशी शंका तुम्ही लिहिली आहे. ती खरी असेल तर हा रस्ता मोकळा आहे.

आता पट्टी. बहुतेक जोडगाणी इथेच अडतात, आणि खरं तर अडायचं कारण नाही. समजा भाऊ पांढरी दोनमध्ये मोकळे गातात आणि ताई पांढरी सहामध्ये. एकाची पट्टी धरली की दुसऱ्याची पंचाईत. पांढरी दोन धरली तर ताई अंतऱ्यात खालीच घुटमळतील, त्यांचा तार सप्तकातला तेजच दिसणार नाही. पांढरी सहा धरली तर भाऊंना मुखड्यातच ओरडावं लागेल. मधली पट्टी काढली की दोघंही अर्धेमुर्धे. ही मधली पट्टी मला सर्वांत घातक वाटते, कारण ती ऐकायला ठीक असते आणि त्यामुळे कोणी तक्रार करत नाही.

त्यापेक्षा असं बघा: पांढरी सहा म्हणजे पांढरी दोनचा पंचमच. भाऊंचा अंतरा पांढरी दोनमध्ये होऊ दे. शेवटच्या ओळीत त्यांनी पंचमावर येऊन थांबावं आणि त्याच पंचमाला सा मानून ताईंनी आपला अंतरा उचलावा. मूर्च्छना भेद, म्हणजे दुसऱ्या स्वराला सा मानणं, ताईंना सांगायची गरज नाही. गिटारवरही दोन्ही पट्ट्या मोकळ्या तारांच्या आहेत, त्यामुळे हात अडखळत नाही. परतताना उलटं करा: ताईंचा मध्यम म्हणजे भाऊंचा सा. मुखडा एकाच पट्टीत, पण ताई वरच्या सुरावर, भाऊ खाली. तुमचे पक्के सूर वेगळे असतील, तर आधी दोघांनी पेटीवर बसून खालचा शेवटचा आणि वरचा शेवटचा आरामाचा स्वर लिहून काढा, आणि त्या कागदावरून चाल बांधा. चाल बांधून झाल्यावर पट्टी शोधायला बसलात, की मग ओढाताण होते.

याच्याशी जोडलेला एक बारीक मुद्दा, जो रॉकवाले आणि शास्त्रीयवाले एकमेकांना सहसा सांगत नाहीत. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारा इफेक्ट, लावलेल्या गिटारवर पूर्ण कॉर्ड वाजवला तर त्यातल्या गंधारामुळे आवाज गढूळ होतो. म्हणून रॉकमध्ये पॉवर कॉर्ड वाजवतात, फक्त सा आणि पंचम. म्हणजे गंधाराची जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा ताईंसाठी मोठी देणगी आहे. त्या तिथे कोमल गंधार लावू शकतात, पुढच्या ओळीत शुद्ध लावू शकतात, किंवा दोहोंमध्ये मींड घेऊ शकतात. गिटार कुठेच आड येत नाही. कीबोर्डवाल्याने मात्र त्याच जागी शुद्ध गंधार असलेला भरगच्च मेजर कॉर्ड धरला की ताईंचा कोमल गंधार बेसूर वाटायला लागतो, आणि सगळे गायिकेकडे बघतात. त्यामुळे त्या ओळींत कीबोर्डवाल्याने हात उचलून ठेवावा, हे आधीच लिहून द्या. जिथे दोघं एकत्र हार्मनीत गाता तिथे ताईंनी स्वर सरळ, न हलवता लावावा. एकाचा स्वर हलत असेल तर दुसऱ्याचा स्थिर हवा. दोन्ही हलले की हार्मनी फुटते.

रेकॉर्डिंगबद्दल नागपूरची म्हणून एक गोष्ट. मे महिन्यात घरगुती स्टुडिओत आवाज घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर प्रत्येक ट्रॅकमध्ये येते आणि खोलीतला ओलावा वाढून ढोलकीची पुडी उतरते. बंद केला तर खोली तापते, गळा कोरडा पडतो आणि तिसऱ्या टेकपर्यंत कोणाचंच लक्ष गाण्यात राहत नाही. नॉइज रिडक्शनने घरघर काढता येते, पण तिच्यासोबत ताईंच्या श्वासाची बारीक किनारही जाते, आणि भावगीताच्या गायकीत तो श्वास फार मोलाचा असतो. आवाज नसलेला स्प्लिट एसी आणि जाड दार असलेली जागा घ्या. नाहीतर ड्रम आणि गिटार आधी उरकून गायन पाऊस पडून हवा उतरल्यावर घ्या.

गाताना दोघं एकाच वेळी, एकाच खोलीत, समोरासमोर उभे राहा. एकाने धरमपेठेत गायचं आणि दुसऱ्याने फाइल मागवून आपल्या सोयीने, असं हल्ली सर्रास होतं. जिथे ओळी एकमेकांत घुसतात तिथे ते लगेच कळतं. कार्डिऑइड माइक, म्हणजे समोरचा आवाज जास्त घेणारा माइक, मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो. म्हणून दोन माइक पाठीला पाठ लावल्यासारखे मधे ठेवा, आणि दोघं आपापल्या माइककडे म्हणजेच एकमेकांकडे तोंड करून उभे राहा. समोरच्याचा आवाज माइकमध्ये थोडाच शिरेल आणि डोळ्यांनी इशारे करता येतील. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर घ्या, आणि लेव्हल इतकी खाली ठेवा की ताईंचा तार षड्ज लागला तरी मीटर लाल होणार नाही. चांगला टेक हा शेवटचाच असेल असं नाही, तेव्हा काहीही पुसू नका.

मिक्समध्ये रडारड ठरलेली असते. 'अंडर प्रेशर'चं मिक्स न्यूयॉर्कला झालं तेव्हाही ओढाताण झाली, आणि आपल्याला ते मिक्स मनासारखं वाटलं नाही असं गिटारवादक ब्रायन मे यांनी पुढे उघडपणे सांगितलं. इतक्या मोठ्या माणसांचं हे होतं, तर तुमचंही होईल. म्हणून शेवटचा शब्द कोणाचा, हे मिक्सला बसण्याआधी ठरवा, आणि शक्यतो तो तिसऱ्या माणसाचा असू द्या. तांत्रिक बाजू सांगायची तर बायकांचा आवाज स्पष्ट करणारा भाग आणि डिस्टॉर्शन गिटारचा बोचरा भाग हे दोन्ही साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये येतात. ताई गातात तेव्हा गिटार तेवढ्या पट्ट्यात थोडी कापा, आणि गिटारचे दोन वेगळे टेक डावी-उजवीकडे टाकून मधली जागा आवाजांना द्या. मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत, नाहक भडक करू नका. स्पॉटिफाय प्रत्येक गाणं साधारण उणे 14 लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतं, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे पुन्हा खालीच येतं, फक्त त्याचा जीव गेलेला असतो.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण मैत्री टिकवायची असेल तर चाल सुचली त्या आठवड्यातच करा.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द वेगळी कृती, संगीत वेगळी कृती आणि ध्वनिमुद्रण तिसरी कृती. तीन हक्क, तीन मालक असू शकतात. ताईंनी शब्द लिहिले आणि भाऊंनी चाल लावली, तर कायद्याच्या दृष्टीने ती संयुक्त कृती होत नाही. शब्द ताईंचे, चाल भाऊंची. एकाचा भाग दुसऱ्याच्या भागापासून वेगळा काढता येत नाही, तेव्हाच संयुक्त कृती म्हणतात. चाल दोघांनी मिळून बांधली असेल, तर तिच्यावरचा हक्क दोघांपैकी मागे राहणाऱ्याच्या निधनानंतर 60 वर्षं चालतो. म्हणजे हा कागद तुमच्या मुलाबाळांपर्यंत जाणार आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याकडे जातो, आणि तो प्रकाशनापासून 60 वर्षांचा असतो. स्टुडिओचं बिल कोण भरतो, याचा विचार म्हणूनच आधी करायचा.

क्वीन आणि बोवींनी त्या गाण्याचं श्रेय पाचही जणांच्या नावावर ठेवलं. बासची ओळ कोणाची, शब्द कोणाचे, याचा हिशेब लावत बसले नाहीत. पुढे 1990 मध्ये तीच बासची ओळ एका रॅप गाण्यात परवानगीविना वापरली गेली. ते प्रकरण मिटलं तेव्हा त्या गाण्याच्या श्रेयात क्वीन आणि बोवी यांची नावं आली. दोन स्वरांच्या ओळीला किती किंमत असते ते यावरून बघा. तुमच्या बँडचा बासिस्ट किंवा ड्रमर अशी एखादी ओळ देणार असेल, तर त्याचं नाव चालीत घ्यायचं की त्याला वाजवण्याचं मानधन द्यायचं, हे त्याच्याशी स्पष्ट बोला.

एका पानावर लिहा: शब्द, चाल, अरेंजमेंट आणि ध्वनिमुद्रण यांत कोणाचा किती टक्के, खर्च कोणी किती केला, आणि तो आधी वसूल होणार का. खाली सगळ्यांच्या सह्या. एखाद्या कंपनीला हक्क देणार असाल तर मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला कंपनीच्या बरोबरीने रॉयल्टी मिळण्याचा हक्क आहे. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, एरवी सोडूनच देता येत नाही. 'सगळे हक्क कायमचे सोडले' असं छापील कागदावर लिहून कोणी पुढे केलं, तरी हा हक्क त्यामुळे जात नाही. शब्द आणि चालीसाठी दोघंही आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सभासद व्हा. गायक म्हणूनचा हक्क वेगळा आहे, त्यासाठी इसामरा ही गायक-वादकांची सोसायटी आहे, जिचं आधीचं नाव इस्रा.

स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी पोचवणाऱ्या वितरकाकडे गाणं देताना दोघांचीही नावं मुख्य कलाकार म्हणून लावा. एकाला 'फीचरिंग'मध्ये, म्हणजे पाहुणा कलाकार म्हणून, टाकलं तर त्याचे श्रोते ते गाणं त्याचं मानत नाहीत. अपलोड करताना दोघांच्या आधीच्या प्रोफाइल नीट जोडा, नाहीतर त्याच नावाच्या तिसऱ्याच माणसाच्या पानावर गाणं जाऊन बसतं, आणि ते सोडवायला आठवडे जातात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ओळखीसाठी 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो. पुढे अकॉस्टिक आवृत्ती काढलीत तर तिला नवा क्रमांक घ्या.

शेवटी स्टेज. सिंगल हिट झालं, की ताईंना देशपांडे सभागृहातल्या कार्यक्रमात त्याची फर्माईश येईल आणि भाऊंना कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. दुसरा कलाकार दर वेळी मोकळा नसेल. क्वीनने ते गाणं बोवींशिवाय वर्षानुवर्षं स्टेजवर वाजवलं. बोवींनी मात्र ते स्टेजवर गायलं ते थेट एप्रिल 1992 मध्ये, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर फ्रेडींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात, गायिका ॲनी लेनॉक्स यांच्यासोबत. तुम्ही हे आजच ठरवा: एकटं गाताना दुसऱ्याचा अंतरा कोण गाणार? तिसऱ्या कोणाला उभं करायचं असेल तर एकमेकांना विचारायचं का? की तेवढा भाग गिटारने आणि पेटीने भरायचा? माझं मत विचाराल तर दुसऱ्याच्या अंतऱ्यासाठी दुसरा गायक घ्या, पण निवड त्या दुसऱ्या कलाकाराने करावी. हे वाक्यही त्याच एका पानावर घाला. पट्टी आणि लूप ठरल्यावर कच्चा ट्रॅक पाठवा, गंधाराच्या जागा मी ऐकून सांगतो.